पडवीतल्या रेघा

आमच्या मागच्या पडवीच्या भिंतीवर कोळशाच्या 29 रेघा आहेत. घर जुनं, भिंत जांभ्याची, आतून गिलावा नाही, त्यामुळे चिऱ्यांचे थर उघडे दिसतात. सगळ्यात खालची रेघ माझ्या छातीच्या किंचित वर आहे. सगळ्यात वरची, टाचा न उचलता माझा उजवा हात जेमतेम पोचेल तिथे. प्रत्येक रेघेशेजारी तारीख. घरात लहान मूल नाही, तेव्हा आलेला पाहुणा हमखास विचारतो, ही कुणाची उंची मोजलीत? माझ्या हाताची, असं सांगितलं की त्याला बसवून सगळंच सांगावं लागतं. ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमचं गाव गुहागरच्या दक्षिणेला. नारळ-पोफळीची वाडी, थोडे हापूस आणि बांधावर सात-आठ रातांबे. एप्रिल-मेमध्ये आमसुलांचं काम असतं. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं रसात भिजवून उन्हात घालायची, संध्याकाळी उचलायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात. सालं काळी होईस्तोवर हेच. गेल्या वर्षी या कामात एकदा सूप उचलताना उजव्या खांद्यात बारीक कळ आली. कामाच्या दिवसांत काही ना काही दुखतंच. तेल चोळलं आणि विसरले.

पण हे दुखणं रात्रीचं निघालं. दिवसा गप्प बसायचं आणि अंथरुणाला पाठ टेकली की ठणकायला लागायचं. उजव्या कुशीवर वळलं की झोप उडायची. डाव्या कुशीवर वळावं तर उजवा हात पुढे लोंबायचा आणि खांद्याला ओढ बसायची. शेवटी छातीशी उशी धरून, हात तिच्यावर टेकवून अर्धवट बसल्यासारखी पडून राहायचे. मृगाचा पाऊस सुरू झाला तोवर आणखी एक गोष्ट लक्षात आली. अंबाडा घालता येईना. हात मानेमागे जाईचना. दुखतंय म्हणून जात नाही असंही नव्हतं, सोसून रेटला तरी एका जागी अडायचा, आतून कुणी अडसर घातल्यासारखा. ब्लाउजच्या बाहीत हात घालताना डोळ्यांत पाणी यायचं. पाठीवरून टॉवेल फिरवणं बंद झालं. हे गडगड्यावरून पाणी काढून द्यायला लागले, नारळ खवून द्यायला लागले, आणि एक दिवस न सांगता त्यांनी माझी वेणी घालून दिली. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यात पहिल्यांदा.

ऑगस्टमध्ये चिपळूणला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. आमच्याकडून मोडकाआगर, शृंगारतळी, मार्गताम्हाणे करत एसटीने जायचं म्हणजे दोन तास, आणि गाडीतला वरचा दांडा धरायला उजवा हात नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता. मग त्यांनी माझे दोन्ही कोपर कुशीला चिकटवून ठेवायला सांगितले आणि एकेक हात दार उघडावं तसा बाहेर वळवला. डावा वळला. उजवा जागचा हलला नाही. "तुम्ही हात हलवताय आणि तो हलत नाहीये, एवढंच असतं तर गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "मी हलवतोय तरी हलत नाहीये. हा फ्रोझन शोल्डर."

त्यांनी समजावलं ते असं. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीत बसलेला गोळा. त्याच्याभोवती एक पातळ पिशवी असते, आणि हात डोक्यावर नेता यावा म्हणून तिला खाली, काखेच्या बाजूला, सैल घडी असते. मला पटकन लहानपणचे झगे आठवले. वाढत्या अंगाच्या मुलीला काखेत जादा कापड सोडून शिवायचे, तसंच हे. तर ती पिशवी सुजते, सुजून जाड होते, आक्रसते, आणि ती घडी आपली आपल्याला चिकटून बसते. जादा कापड संपलं की हात वर जाणार कसा? पहिले काही महिने दुखणं जास्त, मग दुखणं कमी होऊन जखडणं जास्त, आणि मग हळूहळू सुटणं. या सगळ्याला वर्ष ते तीन वर्षंही लागू शकतात. चाळीस ते साठ या वयात जास्त, बायकांत जास्त, आणि मधुमेह असेल तर फारच जास्त. मी 53 वर्षांची, बाई, आणि पाच वर्षांपासून साखरेची गोळी घेणारी.

"सांध्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन देऊ आणि लगेच फिजिओथेरपी सुरू करू," ते म्हणाले.

मी पिशवी उचलली, घरी विचारून सांगते म्हटलं, आणि दुपारच्या गाडीने परत आले.

असं का केलं ते सांगायचं तर आईपाशी जावं लागतं.

आईला आमवात होता. डॉक्टरी भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, पण ते नाव आम्हांला फार उशिरा कळलं. सकाळी तिची बोटं मिटायची नाहीत. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरून प्यायची, आणि ऊन माडांवर चढलं की मग हात थोडे मोकळे व्हायचे. 2003 साली कुणीतरी एका औषधवाल्याचं नाव सुचवलं. तो बाजाराच्या दिवशी यायचा आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पांढऱ्या पुड्या द्यायचा. सकाळ-संध्याकाळ मधातून. झाडपाल्याचं औषध, अपाय काही नाही. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "गो, आज उठल्या उठल्या भाकरी थापली मी!" तो आवाज अजून कानात आहे. त्या आवाजापुढे, पुडीत आहे तरी काय, असं विचारावंसं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

पाच वर्षं पुड्या चालल्या. आईचा चेहरा गोल झाला, गाल वर आले, मानेमागे मांस चढलं. लोक म्हणायचे, बाईने अंग धरलं. हातांची कातडी मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. कढईची कड लागली तरी तिथे काळंनिळं व्हायचं. 2008 च्या पावसाळ्यात औषधवाला यायचा थांबला आणि घरातल्या पुड्या संपल्या. आठवड्याभरात आईचं उभं राहणं गेलं. उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तदाब पार खाली. रत्नागिरीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिचा चेहरा पाहिला, दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, "पुड्या कधीपासून घेताय?" आम्ही पुडीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

पुडीत स्टिरॉइड कुटून घातलेलं असणार, हे त्या दिवशी कळलं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. कॉर्टिसॉल नावाचा रस त्या रोज तयार करतात आणि तो जगायला लागतोच. बाहेरून तसलंच औषध रोज मिळायला लागलं की त्या काम सोडतात. घरात नळाचं पाणी आलं की विहीर उपसायची राहते, गाळ साचतो, दोर कुजतो. मग एक दिवस नळ अचानक बंद झाला तर विहिरीवर धावून काय उपयोग? म्हणून रोज घेतलेलं स्टिरॉइड एकदम तोडायचं नसतं, डॉक्टरांच्या हाताखाली पायरी पायरीने उतरवायचं असतं. आईचं असंच उतरवलं. पण तोवर हाडं ठिसूळ झाली होती, पाठीचे दोन मणके दबले होते आणि ती चांगली चार बोटं बुटकी झाली होती. त्याहून मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी. पाच वर्षं पुडीने दुखणं झाकलं आणि त्याच्या आड आमवात सांधे खात राहिला. मग मेथोट्रेक्सेट सुरू झालं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, सोबत फॉलिक ॲसिड. सूज उतरली, पण वाकडी झालेली बोटं सरळ होण्याची वेळ निघून गेली होती. ही गोळी पहिल्याच वर्षी मिळती तर, हा विचार आई गेल्यावरही मला सोडत नाही.

तर डॉक्टरांच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा माझ्यासमोर आईचा गोल चेहरा उभा राहिला. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना माझ्या आईबद्दल काहीच ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं. कुठल्या औषधाची कशामुळे धास्ती बसली आहे, हे डॉक्टरला सांगणं हाही दुखणं सांगण्याचाच भाग आहे, असं मला आता वाटतं.

मधले तीन महिने मी फुकट घालवले. निर्गुडीचा पाला शिजवून शेक दिला. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, खोटं का बोलू? महानारायण तेल लावलं. गणपतीत मंडपीला आंब्याचे टाळे, कवंडळं, नारळांचा घोस बांधायचं काम दरवर्षी माझं असतं. त्या वर्षी मी खाली बसून दोऱ्या कापून दिल्या. आरतीचं तबक डाव्या हाताने फिरवलं, आणि सासूबाई हयात असत्या तर काय वाटलं असतं त्यांना, या विचाराने दिवसभर अवघडल्यासारखं होत राहिलं. गौरीविसर्जनानंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून एका चोळणाऱ्याकडे गेले. त्याने दोन दिवस चोळलं आणि तिसऱ्या दिवशी हात धरून वर हिसडा दिला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिथून पुढे पंधरा दिवस हात गळ्यात बांधून फिरले, आणि होता तेवढा हात वर जाणंही गेलं.

त्या जागरणांत माझी पुण्याची भाची, फार्मसी शिकते ती, मला वाचायला काहीबाही पाठवायची. त्यातली एक हकीकत मी पुन्हा पुन्हा वाचली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच या डॉक्टरांनी 1929 साली टिपून ठेवलं होतं की आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सांधे दुखायचे थांबले. कावीळ उतरल्यावर काही काळाने दुखणं परत आलं. आमवात असलेल्या बायकांना गरोदरपणात आराम पडतो, हेही त्यांनी पाहिलं. म्हणजे शरीरातच असं काहीतरी आहे जे ही आग विझवतं. त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल मूत्रपिंडावरच्या त्या ग्रंथींमधून एकेक द्रव्य वेगळं काढत होते. त्यातलं 'कंपाउंड ई', म्हणजे पुढचं कॉर्टिझोन, हे स्टिरॉइडच, सप्टेंबर 1948 मध्ये 29 वर्षांच्या एका रुग्ण बाईला टोचलं. सांध्यांनी जखडलेली ती बाई आठवड्याभरात पायी बाजारहाट करून आली. 1950 मध्ये हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. हे वाचताना मला त्या अनोळखी बाईच्या जागी आईच दिसत होती, तव्यासमोर उकिडवी बसलेली.

पण पुढचा भाग माझ्या कामाचा होता. मोठ्या डोसांनी लोकांचे चेहरे सुजायला लागले, हाडं पोकळ व्हायला लागली, औषध थांबवलं की दुखणं परत. आईचं जे 2008 मध्ये झालं ते तिकडे त्याच्या पन्नास वर्षं आधीच कळून चुकलं होतं. आणि 1951 साली जोसेफ हॉलंडर यांनी वेगळी वाट धरली. सगळ्या शरीरात औषध मुरवण्याऐवजी त्यांनी हायड्रोकॉर्टिझोन थेट सुजलेल्या सांध्यात सोडलं. चिपळूणचे डॉक्टर मला जे देऊ म्हणत होते ते हे, पुडीपेक्षा वेगळं. त्या रात्री दीड वाजता मी यांना उठवलं आणि म्हटलं, उद्या चिपळूणला जाऊ या.

या खेपेला मी डॉक्टरांना आईचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून एक छोटी कुपी काढून माझ्या हातात दिली. ट्रायमसिनोलोन, 40 मिलिग्रॅम, एक मिली. चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. कुपीत तळाशी पांढरा साका बसला होता. हलवल्यावर ते पातळ ताकासारखं झालं. "हे पाण्यात विरघळत नाही, म्हणून सांध्यात बसून हळूहळू काम करतं," ते म्हणाले. "थोडं रक्तात जाईल. तुमची साखर चार-सहा दिवस वर जाईल, रोज तपासा आणि मला कळवा. एकाच सांध्यात वर्षातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त मी देत नाही, आणि तुम्हांला बहुधा एकच पुरेल. तुमच्या आईला दिवसातून दोनदा, पाच वर्षं, कुणी न मोजता दिलं गेलं. औषधाची जात एक आहे, पण बाकी काहीच एक नाही."

स्टुलावर बसवून त्यांनी खांद्याच्या मागच्या बाजूला हाडाचा कोपरा चाचपला, तिथून दोन बोटं खाली पेनाच्या टोपणाने खूण दाबली. आयोडीनचा गार बोळा फिरला. सुई आत जाताना टोचलं तेवढंच, मग आत काहीतरी भरून आल्यासारखं जड वाटलं. त्यात भूल द्यायचं औषधही होतं, त्यामुळे दहा मिनिटांत दुखणं एकदम दूर गेलं. मी हरखून हात वर करायला गेले. हात आधी होता तिथेच अडला. तेव्हा पहिल्यांदा कळलं की दुखणं आणि जखडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इंजेक्शनकडून मी दुसरीची आशा धरून बसले होते.

भूल रात्री उतरली आणि खांदा पूर्वीपेक्षा जास्त ठणकला. एक-दोन दिवस असं होऊ शकतं, हे सांगून ठेवलं होतं म्हणून धीर राहिला. बर्फ लावला. उपाशीपोटी साखर एरवी 130च्या आसपास असते, ती दुसऱ्या दिवशी 238 आली. सहाव्या दिवशी 150च्या खाली उतरली. आणि चौथ्या रात्री मी झोपले. पहाटे जाग आली ती कोंबड्याने, खांद्याने नाही. मी उजव्या कुशीवर होते.

हे सुख किती दिवस टिकेल असं डॉक्टरांना विचारलं होतं. "सहा आठवडे, कदाचित दोन-तीन महिने. एवढ्या मुदतीत हात सोडवायचा. नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलात तर दुखणं कमी झाल्याचा आनंद होईल आणि हात तिथेच राहील."

फिजिओथेरपी करणारी मुलगी पंचविशीची, आमच्याच तालुक्यातली. मला काकू म्हणते. तिने दोन पात्यांच्या पारदर्शक पट्टीने, म्हणजे कोनमापकाने, माझा हात मोजला. समोरून वर 85 अंश, बाजूने 60, बाहेर वळवणं 5. चांगला हात समोरून 180च्या जवळ जातो. हात पाठीमागे नेऊन अंगठा कुठवर चढतो ते पाहिलं. डावा पाठीच्या मध्यावर, उजवा कमरेच्याही खाली. सगळं एका वहीत लिहिलं. मग म्हणाली, "काकू, इंजेक्शनच्या आधी आला असतात तर मी फार काही केलं नसतं. दुखऱ्या खांद्याला ओढलं तर तो जास्त धरून ठेवतो, आणि माणूस दुसऱ्या दिवसापासून येत नाही." चोळणाऱ्याचा हिसडा आठवून मी मान हलवली.

तिचं म्हणणं, रोज या. पण रोज 45 किलोमीटर जायचं आणि 45 यायचं? वाडीला पाणी कोण लावणार? आमच्या भागात बहुतेकांची फिजिओथेरपी इथेच सुटते. मोठ्या गावात दहा दिवस मशीन लावून घेणं जमतं, वाडीवरच्या बाईला नाही. मी तिला तसं सरळ सांगितलं. तिला राग आला नाही. थोडा विचार करून तिने विचारलं, "घरी काय काय आहे? विहीर आहे? भिंत कसली आहे?" अजून वाटतं, माझा हात सुटला तो या प्रश्नामुळे. मशीन दवाखान्यात राहू दे, आठवड्यातून एकदा येऊन मला दाखवा, बाकी घरी करा, असं ठरलं.

म्हणून यांनी पडवीच्या वाशाला कप्पी टांगली, दोर जुन्या गडगड्याचाच. दोराची दोन टोकं दोन हातांत धरून खुर्चीवर बसायचं, डाव्या हाताने खाली ओढायचं म्हणजे उजवा आपसूक वर जातो. चांगल्या हाताने दुखऱ्याला उचलायचं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. झोके घ्यायला पितळेचा तांब्या. ओटीच्या कडेला डावा हात टेकून वाकायचं, उजव्या हातात अर्धा भरलेला तांब्या लोंबता सोडायचा आणि अंग हलवायचं, हात नाही. हात घड्याळाच्या लंबकासारखा आपोआप झुलतो. हा झोका बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनच्या नावाने ओळखला जातो, आणि 'फ्रोझन शोल्डर' हे नावही 1934 मध्ये त्यांनीच दिलेलं, असं त्या मुलीने सांगितलं. पाठीवर निजून, कोपर कुशीला लावून, यांच्या छत्रीच्या काठीने उजवा हात बाहेर ढकलायचा. पंचा पाठीमागे धरून वरच्या हाताने खालचा ओढायचा, हा मात्र शेवटी शेवटी.

आणि भिंत. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी चिऱ्यांवरून वर चढायचं, कोळी चढतो तसं. जांभा खरखरीत, बोटांना धरायला मिळतो. पहिल्या दिवशी छातीच्या किंचित वर अडले. तिथे यांनी कोळशाने रेघ मारली आणि 16 नोव्हेंबर लिहिलं. दर रविवारी एक रेघ असं ठरलं.

दुसऱ्या आठवड्यात मी चांगली वीतभर वर गेले आणि आनंदाने तिला दाखवायला गेले. तिने मला आरशासमोर उभं केलं, माझ्या उजव्या फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडावर, तळवा ठेवून तो खाली दाबला आणि म्हणाली, आता उचला. हात पहिल्या रेघेच्या थोडा वर जाऊन थांबला. मी हात वर करतच नव्हते, अख्खा खांदा कानाकडे उचलत होते, कमरेतून मागे वाकत होते, आणि भिंतीवरची रेघ तेवढी खूश होत होती. इतकं वाईट वाटलं! पण चूक दिसली ते बरं झालं. तेव्हापासून हे माझ्यामागे उभे राहून फऱ्यावर हात ठेवायचे. ती एक रेघ आम्ही खोडली. नीट पाहिलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मध्ये तिचा काळा फराटा दिसतो.

दुखण्याचं माप तिने सोपं करून दिलं होतं. ओढ बसली पाहिजे, कळ येता कामा नये. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात उतरलं तर ठीक. रात्री जागवलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, पण बंद करू नका. या 'बंद करू नका'साठी मला फार झगडावं लागलं. डिसेंबरात वाडीची कामं, लग्नांचे आहेर, एक ना दोन. तीन रविवार रेघ एकाच जागी पडली. त्या तीन रेघा एकमेकींवर इतक्या चढल्यात की एक जाड पट्टा दिसतो. जानेवारीच्या मध्याला रात्रीचं दुखणं थोडं परत डोकावलं. इंजेक्शनचा अंमल उतरत होता. पण तोवर हात समोरून 120वर गेला होता, आणि सैल होत चाललेला सांधा दुखला तरी घाबरवत नाही. दुसरं इंजेक्शन घ्यावं लागलं नाही.

शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा तबक उजव्या हातात होतं. ते मी मुद्दाम ठरवलं नव्हतं. ओवाळून झाल्यावर यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

शेवटची रेघ 31 मेची. समोरून 160 अंश. हात बाहेर वळवणं अजून डाव्याएवढं नाही, आणि अंगठा पाठीवर डाव्याच्या दोन मणके खालीच राहतो. मुलगी म्हणते तेही येईल, वेळ लागेल. साखर नीट ठेवा, कारण डावा खांदाही कधीतरी असाच धरू शकतो. सांगून ठेवलेलं मला आवडतं. अंबाडा मी घालते. सैलसर पडतो, पण माझा मी घालते.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्यांचे गुडघे दोन वर्षांपासून सुजतात, आणि आता बोटांचे सांधेही. बोलता बोलता त्यांनी कमरेच्या पिशवीतून पुडी काढली. पांढरी, वर्तमानपत्राच्या कागदातली. तीन दिवसांत गुण आला म्हणाल्या, चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला क्षणभर बोलवेना. मग मी त्यांना आत नेऊन आईचे दोन फोटो दाखवले, 2002चा आणि 2007चा. वहिनी बराच वेळ दुसऱ्या फोटोकडे बघत राहिल्या. किती दिवस झाले पुड्या सुरू करून, मी विचारलं. सात महिने. म्हणजे आज एकदम टाकूनही द्यायच्या नाहीत, हे त्यांना दोनदा समजावून सांगितलं. सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी चिपळूणला जाणार आहोत. सकाळी बोटं किती वेळ ताठ राहतात ते लिहून ठेवायला मी त्यांना वही दिली आहे, आणि उरलेल्या पुड्या बरोबर घ्यायला सांगितल्या आहेत, कागदासकट.